नवऱ्याच्या हाताची परीक्षा

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकही परीक्षा वाईट दिलेली नाही. बालवाडीपासून पीएचडीपर्यंत पहिला नंबर, आणि सासूबाईंकडे त्याची साक्ष म्हणून सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावलेली. लग्नानंतर तो फोल्डर मला दोनदा दाखवण्यात आला. तेव्हा मी कौतुकाने पाहिला होता. आता कुणी दाखवला तर मी उठून जाईन.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी आम्ही नागोयाला आलो. निघताना पुण्यात जो तो एकच विचारायचा, तिकडे भूकंप होतात ना? म्हणून आल्याआल्या आम्ही दाराशी एक पिशवी भरून ठेवली. पाणी, टॉर्च, कोरडी बिस्किटं, पासपोर्टच्या झेरॉक्स. ती पिशवी कधी उघडावी लागली नाही. आमचा संसार हलला तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या छोट्या पांढऱ्या गाडीने.

नवरा विद्यापीठात पोस्टडॉक होता, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक. उंदराच्या मेंदूची पातळ चकती मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि तिच्यातल्या एकेका पेशीला केसाहून बारीक काचेची सुई लावायची, हे त्याचं काम. सगळा खेळ उजव्या हाताच्या अंगठ्याचा आणि तर्जनीचा. सबवेने जायला दोनदा गाडी बदलावी लागायची, म्हणून त्याने एक जुनी मोटरसायकल घेतली होती. एका सकाळी हिरव्या सिग्नलवर तो सरळ जात असताना समोरून त्या गृहस्थांनी उजवीकडे वळण घेतलं. डोळ्यांवर ऊन आलं होतं, दिसला नाही, असं त्यांनी पोलिसांना तिथेच सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही. चूक कुणाची याबद्दल फारसा वाद कधी झालाच नाही.

धडकेत मोडलेल्या उजव्या मनगटाची हाडं जुळली. अंगठ्याकडे जाणारी नस मात्र काही जागी झाली नाही. अंगठा दिसायला ठीक, वळवला तर वळायचा, पण चिमूट धरायची म्हटली की तर्जनीपाशी पोचून लुळा पडायचा. दुसऱ्या एका इस्पितळातल्या हाताच्या सर्जनने सांगितलं, की शेजारच्या बोटाचा एक स्नायुबंध काढून अंगठ्याला जोडता येतो. नंतर बरेच महिने व्यायाम, पण चिमूट परत येऊ शकेल. ऑपरेशनचा खर्च सरकारी आरोग्य विम्यातून बराचसा निघाला असता. प्रश्न होता त्यापुढच्या महिन्यांचा. नवऱ्याचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. त्याचे प्रोफेसर वर्षभर त्याची जागा राखायला तयार होते, पण बिनपगारी. हात अधू झाला हे मान्य होऊन रीतसर भरपाई मिळाली असती तर ते वर्ष आम्ही काढलं असतं, ऑपरेशन झालं असतं, आणि तो पुन्हा मायक्रोस्कोपसमोर बसला असता. आम्हाला एवढंच हवं होतं. मला त्यात हावरटपणा तेव्हाही दिसला नाही, आजही दिसत नाही.

अपघातानंतर थोड्याच दिवसांत ते गृहस्थ घरी आले. इथली रीतच आहे, ज्याच्या हातून नुकसान झालं त्याने मिठाईचा खोका घेऊन दारी यायचं. काळा सूट घालून आले, चपला काढायच्या जागेत त्या भूकंपाच्या पिशवीशेजारी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकले. माझे सासरे असते तर त्याच वयाचे असते. नवऱ्याने प्लास्टरमधला हात शालीखाली घेतला.

"सांग त्यांना," तो मला म्हणाला, "आता पुष्कळ बरं आहे. काळजी करू नका म्हणावं."

आदल्या रात्री हाच माणूस कळांनी झोपला नव्हता. पण दारात म्हातारा माणूस वाकलेला असताना खरं कुणी बोलतं का? मी पुण्यात चांगली चार वर्षं जपानी शिकलेली, त्यामुळे भाषांतर माझ्याकडे. मी केलं, आदरार्थी क्रियापदांसकट. त्यांना आत बोलावून चहा दिला, चिवडा दिला. चिवडा तिखट होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे मला कळलं नाही.

मग इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "कसं आहे?" आणि नवरा दर वेळी सांगायचा, "बरं आहे, पूर्वीपेक्षा बरं." मी भाषांतर करायची आणि डॉक्टर ते टाइप करायचे. बाहेर आल्यावर माझं डोकं फिरायचं.

"अरे, सकाळी तुझ्या शर्टाची बटणं कुणी लावली?"

"अगं, ते इतकं मनापासून करताहेत. दर वेळी काय रडगाणं गायचं त्यांच्यापुढे?"

मीसुद्धा तसल्याच घरातून आलेय. आमच्याकडे डॉक्टरांनी कसं आहे विचारलं, की बरं आहे म्हणायचं असतं. नाहीतर त्यांच्या औषधाचा अपमान केल्यासारखं होतं. आजाराचं कौतुक करणारा माणूस आमच्यात हलका समजतात.

त्या गृहस्थांच्या विमा कंपनीचा एक तरुण मला फोन करायचा. इतका गोड आवाज की चिडायची सोय नव्हती. दर वेळी मला 'ओकुसान' म्हणायचा, म्हणजे वहिनीसाहेब म्हणा हवं तर. आधी हाताची चौकशी, मग हवेची, आणि शेवटी हळूच, आता 'शोजो कोतेइ' करायची वेळ झाली का? दुखणं यापुढे वाढणार नाही आणि कमीही होणार नाही, असं डॉक्टरांनी ठरवण्याला हे नाव आहे. ते एकदा ठरलं, की उपचारांचे पैसे थांबतात. मग कायमचं किती अधूपण उरलं ते तपासून दर्जा देतात, आणि त्या दर्जावर भरपाई. दर्जाच मिळाला नाही, तर हाताचं काही बिघडलंच नाही असा हिशेब.

शेवटी डॉक्टरांनी तसं ठरवलं, आणि ती तपासणी म्हणजे नवऱ्याची परीक्षा. मी त्याला घरून नीट सांगून नेलं होतं. जेवढं होतं तेवढंच कर. दुखलं की थांब. झालं नाही की झालं नाही म्हण. त्याने मान हलवली.

आत एका मुलीने त्याच्या हातात मूठ आवळायचं यंत्र दिलं आणि म्हणाली, "शक्य तेवढा जोर लावा." बस्स. 'शक्य तेवढा' हे शब्द ऐकले आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात दहावीचा बोर्ड संचारला. त्याने दात आवळले, खांदा पुढे घातला, मानेच्या शिरा फुगल्या. काटा वर गेला. मुलगी म्हणाली, "छान, पुन्हा." त्याने पुन्हा त्याहून वर नेला. मग चिमटीत एक पट्टी धरायची होती. अंगठ्याने ती धरवत नव्हती, तर पठ्ठ्याने बोटांच्या बाजूने दाबून धरली. कॉपी करून पास झाला म्हणा ना. मी कोपऱ्यात बसून डोळे वटारत होते, पण परीक्षेत तो इकडेतिकडे बघत नाही. मग डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने त्याचा अंगठा वळवला, तो छान वळला, आणि त्यांनी कोन मोजला. शेवटी ते कौतुकाने म्हणाले, "तुम्ही फार मेहनत घेतली आहे." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हातात प्रगतिपुस्तक असलेल्या मुलासारखा चेहरा होता त्याचा. कपाळावर घाम होता.

हात दाखवून अवलक्षण, असं आई म्हणायची. ते इतकं शब्दशः घडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ट्रेनमध्ये तो म्हणाला, "आपण प्रयत्नच करायचा नाही, हे कसं जमतं लोकांना?" तो खरंच विचारत होता. मला रडू आलं.

विमा कंपनीकडून निकाल आला, कोणताही दर्जा लागू नाही. कारणं सभ्य भाषेत होती. मुठीची ताकद चांगली आहे, सांधा वळतो, आणि रुग्ण स्वतः सातत्याने सुधारणा सांगत आला आहे. मी डॉक्टरांकडे गेले. नवीन दाखला द्या, याला चिमूट येत नाही, मी रोज बटणं लावते, असं सांगितलं. ते वाईट नव्हते. पडद्यावरच्या जुन्या नोंदी उघडून म्हणाले, "इतके महिने तुम्हीच बरं आहे म्हणून सांगत होतात. आता वेगळं लिहिलं तर ते कुणी मानणार नाही." जे सांगितलं होतं ते माझ्याच तोंडून गेलं होतं, तेही अचूक जपानीत.

मराठी ग्रुपवर उंटावरचे शहाणे कमी नव्हते. कुणी म्हणे वकील करा, कुणी म्हणे वकिलातीत जा, कुणी म्हणे पुण्याला आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत. महापालिकेत मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक अपील करून पाहू म्हणाल्या, ते केलं, आणि तेच उत्तर परत आलं. कोर्टात जाता येईल, त्या म्हणाल्या, पण निकाल लागेपर्यंत तुमचं कंत्राट कधीच संपलेलं असेल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्याकडे ओरडून सांगतात. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, एवढाच फरक.

शेवटी तडजोडीचे कागद घरी आले. त्यावर सहीऐवजी शिक्का उठवायचा होता, पेन्सिलीएवढा बारीक, नावाचा. नवऱ्याने तो उजव्या हातात धरला आणि तो निसटून टेबलावरून घरंगळला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. खाली वाकून मी शिक्का उचलला आणि ज्या कागदावर हाताला काही झालेलं नाही असं लिहिलं होतं, त्यावर त्याच्या वतीने मीच उठवला.

मार्चमध्ये सामान बांधत होतो. प्रोफेसरांनी जागा दुसऱ्याला दिली होती, आणि नवऱ्याला पुण्याच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं काम मिळालं होतं. ऑपरेशनचा विषय आम्ही दोघांनीही काढायचं सोडलं होतं. त्या आठवड्यात ते म्हातारे गृहस्थ पुन्हा आले. तोच काळा सूट, तसाच खोका. या वेळी मी ठरवलंच होतं. कित्येक दिवस मनात वाक्यं जुळवली होती, साधा चहासुद्धा देणार नव्हते. हा हात गेला, याचं काम गेलं, हे त्यांच्या तोंडावर सांगणार होते. त्यांनी दाराशी गुडघे टेकले, वर पाहिलं आणि विचारलं, "हात कसा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला. इस्पितळाच्या इतक्या वाऱ्यांत तेवढी जपानी त्याला येऊ लागली होती. "दाइजोबु देस," तो म्हणाला. ठीक आहे. उजवा हात त्याने पाठीमागे घेतला होता.

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते माझ्याकडून ऐकायला.

मी हो म्हणून मान हलवली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.