अब्बांच्या हातची कल्हई

रुकय्या, लग्न होऊन मी सासरी निघाले आणि कुरुंदवाडच्या घाटावरून नाव सुटली तेव्हा तू रडत होतीस आणि मी रडले नाही, म्हणून आम्मा रागावली होती. खरं सांगू? भीतीनं मला रडूच आलं नाही. पलीकडं बैलगाडी उभी होती, पुढं दुसरं संस्थान, न पाहिलेलं कोल्हापूर, आणि नाक्यावर प्लेगच्या गाठीसाठी काखा चाचपून बघतात असं कानावर आलेलं. मांडीवर अब्बांनी दिलेलं पितळी पातेलं मी घट्ट धरलं होतं. त्याला आतून त्यांनी स्वतः कथलाची कल्हई केली होती. देताना आशीर्वाद वगैरे काही नाही, गिऱ्हाइकाला सांगायचे तेच सांगितलं, "भांडं आदी बघ, मग आत काय घालायचं त्ये बघ." कल्हईवाल्या बापाकडून आणखी काय मिळणार, असं तेव्हा मनात आलं.

मंगळवार पेठेतलं घर नुकतंच चुन्यानं पांढरं केलेलं होतं. सासूबाई महिन्यापूर्वीच प्लेगात गेल्या होत्या, आणि घर मोकळं करताना त्यांचं खमिराचं मडकंही कुणीतरी फोडलं होतं. खमीर म्हणजे आंबवून जपलेलं पीठ; पाव फुगतो तो त्याच्यावरच. घर पावाच्या धंद्यावर चालायचं; ह्यांना भट्टी राखता यायची, पण खमीर सासूबाईंनी कुणाला शिकवलंच नव्हतं. ते आता माझ्या गळ्यात पडलं.

पहिलं पीठ तिसऱ्या दिवशी सडलं. शेजारच्या सखूबाई नाकाला पदर लावून विचारायला आल्या, घरात उंदीर मेलाय का. त्या दिवसांत मेलेला उंदीर म्हणजे प्लेगची वर्दी. मी लगोलग त्यांना पीठ दाखवलं. मग दही घालून पाहिलं. फेस आला, पण पाव असा बसला की हे म्हणाले, अडकित्ता आण. पुढचं उन्हात ठेवलं, ते उतू जाऊन आंबटढाण झालं. करता करता कळलं की रोज थोडं काढून टाकायचं, तेवढंच नवं पीठ-पाणी द्यायचं आणि ऊब सांभाळायची. एका दुपारी असा पाव निघाला की बोटानं दाबला तरी परत वर यायचा. तेव्हाही मी घाबरलेच. इतकं चांगलं झालं की मला धास्तीच वाटते.

काही महिने बरे गेले. मग सखूबाईंची नऊ वर्षांची चंद्रा तापातून उठली आणि डॉक्टरांनी दूध-पाव द्यायला सांगितला. त्यांच्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नसे. तरी सखूबाई आल्या आणि कुणाला न सांगता पदराखाली पाव घेऊन गेल्या. दुसऱ्या दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या. पोरगी सकाळपासून ओकत होती.

"काय घातलंस गं पावात?"

पीठ, पाणी, मीठ, खमीर, मी म्हणाले. त्या गेल्यावर पातेलं उजेडात धरलं. खमीर मी त्यातच ठेवत होते. रोज राख-चिंचेनं घासून घासून तळाची कल्हई उडाली होती, आणि खमिराच्या कडेला हिरवट झाक आली होती. उघड्या पितळेत आंबट कळकतं, त्याचं विष होतं, हे आपल्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. कल्हई विरत चाललेली मला दिसत होती, रुकय्या. पेठेत कल्हईवाला हाळी घालत जायचा, मी त्याला बोलावलं नाही. अब्बांच्या हातावर मला दुसऱ्याचा हात नको होता.

हे म्हणाले, गप्प बस, बोललीस तर उद्यापासून आपला पाव कुणी शिवणार नाही, आणि पोरीचं काही बरंवाईट झालं तर लोक आपल्याला सोडायचे नाहीत. खरंच होतं ते. तरी मी पातेलं उचललं आणि सखूबाईंच्या पायरीशी गेले. खमीर ह्यातच होतं, म्हणून पातेलं पुढं केलं. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"ह्यात तर आमी ताकबी ठेवत न्हाय," त्या म्हणाल्या. मग मान वर करून, "सांगितलंस त्ये बरं केलंस. आता डॉक्टरला सांगाय येतंय."

चार दिवस मी त्या पायरीवर बसून काढले. आत जाता येत नव्हतं आणि घरी जाववत नव्हतं. आतून उलटीचा आवाज आला की मी कलमा म्हणायची, आवाज थांबला की आणखी जोरात. पाचव्या दिवशी सखूबाई बाहेर आल्या.

"पोरगी पाव मागतीया. ह्या डाव मडक्यातला दे."

पुढच्या वेळी पेठेतल्या कल्हईवाल्याला मी हाक मारली. अब्बांची उरलीसुरली चकाकी त्याच्या कल्हईखाली जाताना उभी राहून पाहिली. खमीर तेव्हापासून मातीच्या मडक्यात आहे.

तू म्हणतेस, माहेरी आले की तिसऱ्या दिवशी माझं जेवणात लक्ष नसतं. कसं असणार? मडक्याला पीठ घातलं असेल का, हाच घोर. येताना चंद्राला सांगून येते. ती आता आमच्या स्वयंपाकघरात येऊन स्वतःच्या हातानं पीठ-पाणी घालते. तरी जीव थाऱ्यावर राहत नाही. चौथ्या दिवशी नावेत बसताना मला रडू येतं, आणि तू हसून म्हणतेस, स्वतःच्या घरीच तर चाललीस. घरीच चाललेय, रुकय्या; जपायचं सगळं तिथंच आहे, म्हणून तर भीती वाटते.