डाव्या हाताची कडेची दोन

ही गेली त्याला चार महिने झाले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, रविवारी पिक्चरला जाऊ." मी बरं म्हटलं. नको म्हटलं की कारण सांगावं लागतं.

तो खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं फोन माझ्यापुढं धरला. नुसते चौकोन. "बोट ठेवा, कुठं बसायचंय." आता हे मला काय माहीत? पूर्वी थेटरच्या खिडकीवर बायकांची रांग वेगळी असायची, आखूड. म्हणून तिकिटं बायका काढायच्या आणि पुरुष सायकल धरून उभे. लग्नानंतर मी एकदाही तिकीट काढलेलं नाही. ही खिडकीत हात घालून सांगायची, "डाव्या हाताची, कडेची दोन द्या."

कारण माझा डावा कान. हडपसरच्या कारखान्यात प्रेस मशीनच्या आवाजानं तो बहिरा झाला. मी कडेला बसायचो, ती माझ्या उजवीकडं. पडद्यावरचं बोलणं सुटलं की सांगायची. मागचे चिडायचे. एकदा एक जण म्हणाला, "अहो बाई, तुमचं ऐकायला पैसे दिलेले नाहीत आम्ही." ही वळून म्हणाली, "त्याचे कुठं मागितलेत?"

घरातही तेच. कुणी काही बोललं की ती ते माझ्याकडं तोंड करून पुन्हा बोलायची. मुलाला वाटे, आईला खोडच आहे. माझा कान तिनं कुणाला कळू दिला नाही, कारण मीच तसं सांगितलं होतं. कारखान्यात कळलं असतं तर मशीनवरून काढून हातात झाडू दिला असता. पुढं कारखाना बंद पडला, तिथं काचेची बिल्डिंग उभी राहिली, तरी सांगायचं राहिलं ते राहिलंच. ती गेल्यापासून मी हाकेला ओ देत नाही, तर घरात सगळ्यांना वाटतं दुःखामुळं. मी तसंच वाटू दिलं. दुःखाचं मला काही कळत नाही. जेवतो, झोपतो.

फोनवर मी डावीकडचा शेवटचा चौकोन दाबला. पडदा वर असणार असं धरून. फोनमध्ये तो खाली होता, म्हणजे डावं-उजवं उलटं. आत गेल्यावर मी उजव्या टोकाला, भिंतीला लागून, आणि मुलगा माझ्या डावीकडं. जागा बदल म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

मध्यंतरात तो समोर येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला. "बाबा, तीनदा हाक मारली मी. माझ्याशी बोलायचंच नाहीये का? आईला मी उशिरा दवाखान्यात नेलं, असं वाटतं का तुम्हाला?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही," मी म्हटलं. "तू शाळेत होतास तेव्हापासून."

तो म्हणाला, "आईला माहीत होतं?"

"तिकिटं तीच काढायची."

त्यानं मला त्याच्या खुर्चीवर सरकायला लावलं आणि स्वतः भिंतीकडच्या खुर्चीवर बसला. पुढचा सगळा पिक्चर मला सांगत राहिला, दिसत होतं तेही. ही एवढं सांगत नव्हती. मी हं हं करत होतो.

दवाखान्याचं उत्तर द्यायचं राहिलं हे घरी आल्यावर लक्षात आलं. सकाळी तो कामावर निघाला तेव्हा दारात गेलो. तो वाकून बूट घालत होता. म्हटलं, "तू वेळेवर नेलं होतंस तिला."

तो खाली बघूनच काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. मी परत विचारलं नाही.