चार लाखांचा स्वल्पविराम

आईबाबांचं नागपूरला इस्त्रीचं दुकान होतं आणि दुकानामागची एक खोली म्हणजे आमचं घर. टेबल एकच, इस्त्रीचं. शेवटच्या शर्टाची घडी होईपर्यंत मला पुस्तक उघडायला जागा नसायची. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हतं. आई विचारायची, "झाला का गं अभ्यास?" मी म्हणायचे, "झाला." संपली तपासणी. गणितात अडले की अडलेलीच राहायचे. तरी शिकले, इंजिनियर झाले, घराण्यातली पहिली. कोणी विचारलं नाही तरी हे मी अजून सांगते.

त्यामुळे इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत लेक शाळेत जायला लागली तेव्हाच जाहीर केलं, हिचा गृहपाठ मी घेणार. नवरा "मी घेतो की" म्हणाला, त्याला भांडी दिली.

चौथीत तिला गृहपाठात शब्दांतल्या संख्या आकड्यांत लिहायला आल्या. तिने लिहिलं ४२५,०००. मी खोडरबर उचललं.

"अगं, चार लाख पंचवीस हजार ना? मग स्वल्पविराम चारच्या पुढे. ४,२५,०००."

"पण आई, टीचर सेड थ्री अँड थ्री."

"तू नीट ऐकलं नसशील. इंजिनियर कोण आहे घरात?"

पानभर स्वल्पविराम मी उचलून दुसरीकडे नेले. मोठ्या उत्साहाने.

दुसऱ्या दिवशी कागद लाल गोलांनी भरून परत आला. इथे लाख नसतात, स्वल्पविराम दर तीन आकड्यांनी पडतो. पोरगी चिडली असती तर बरं झालं असतं. "इट्स ओके, आई. आता माझं माझं मी करते," म्हणाली आणि खोलीचं दार लोटून घेतलं. म्हणजे आता अडलं तरी ती मला विचारणार नव्हती.

"काय इंजिनियर बाई, चौथीत नापास?" नवऱ्याने सिंकपाशी उभ्या उभ्या विचारलं.

"ऑफिसात स्वल्पविराम कॉम्प्युटर टाकतो," मी म्हटलं. याहून बरा बचाव सुचला नाही.

शेवटी तिच्या दारावर टकटक केली. "मला शिकवशील का?"

ती लगेच टीचर झाली. "लिही. फोर मिलियन थर्टी थाउजंड सिक्स."

मी पुटपुटले, "दहा लाखांचा एक मिलियन, म्हणजे चाळीस लाख..."

"नो ट्रान्सलेटिंग, आई!"

"अगं, मनातल्या मनात करतेय."

"तुझं मन मला ऐकू येतंय."

त्यानंतर तिने मला रोज रगडलं. मी मधली शून्यं गाळायचे, मिलियनवरून घसरून लाखावर पडायचे आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची. एका रविवारी मात्र तिने सांगितलेली एकूण एक संख्या बरोबर आली. तिने संशयाने पुन्हा तपासलं, मग दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ माझ्यापुढे सरकवला.

"चेक कर. बट डोन्ट इरेज."

चौथीचं गणित आता मला येतं आणि लेकीचा गृहपाठ मीच तपासते.