पानिंगचं फिकं कोनफळ

पानिंग तुमापोनवर लबाडीचा आळ आला तो सारण भरून भट्टीत भाजलेल्या तिच्या पाईच्या रंगावरून. कोनफळाच्या जत्रेत, चर्चसमोरच्या मांडवात, शेकडो माणसांदेखत समितीवरच्या क्लेओफेबाईंनी तिच्या पाटीवर बोट ठेवलं. "यावरचं 'कोनफळ' पुसा, नांग. आत अळकुड्या घातल्यात हे आंधळासुद्धा सांगेल. पुसायचं नसेल तर टेबल उचला."

आमच्या बोहोल बेटावर थोरल्या बाईला मानाने 'नांग' म्हणतात. तिला कजाग म्हणा, कंजूष म्हणा, ती हसून सोडून देईल. कोनफळात भेसळ करते म्हणू नका. इथे कोनफळ हातातून पडलं तर ते उचलून त्याचा मुका घेतात आणि त्याची माफी मागतात. दुष्काळात दुसरं काही उगवेना, तेव्हा आमच्या खापरपणज्यांना त्यानेच जगवलं. पानिंग या बाबतीत भलतीच कडक. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराने फोटोसाठी तिच्या टोपलीतलं कोनफळ उचललं, ते निसटून पडलं आणि गडी दात दाखवत पुढे निघाला. पानिंगने त्याची बाही धरली. "आधी मुका घ्या, मग मतं मागा." घेतला बिचाऱ्याने. मत तिने दिलं नाहीच, आणि तेही त्याला तोंडावर सांगितलं.

नवऱ्याच्या बाबतीतही तेच. तो सेबूच्या बंदरात कामाला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. वर निरोप पाठवला, की हवं तर तूही येऊन राहा, जागा आहे. पानिंगने त्याचे तीन चांगले शर्ट इस्त्री केले, पुडकं बांधलं आणि बोटीने पाठवून दिलं. सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मग लेकीला, निमफाला, पाठीशी बांधून ती कोनफळाच्या आळ्यांत मातीची भर घालायला लागली.

पाई ती पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीकडून शिकली, पण ती अननसाची. आत कोनफळ भरायचं हे डोकं तिचं स्वतःचं. सालासकट उकडायचं, गरम असतानाच सोलून वाटायचं, मग नारळाचं दूध आणि साखर घालून हात भरून येईपर्यंत घोटायचं. चरबीत मळलेल्या पारीत ते भरून पत्र्याच्या भट्टीत ठेवायचं, खाली निखारे, वर निखारे. भट्टी उघडली की वासाने शेजारची कुत्री कुंपणाशी येऊन बसतात. रंग मात्र मवाळ. तिच्या वाडीतलं कोनफळ वासाचा राजा, पण कापलं की सालीलगत जांभळं आणि आत फिकट. पाई होते ती धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या रंगाची.

क्लेओफेबाईंच्या पाईचा रंग लांबून डोळ्यांत भरतो. त्यांची शहरात मोठी बेकरी, किनाऱ्यावरच्या हॉटेलांत त्यांचा माल जातो, आणि जत्रेच्या समितीवरही त्याच. हॉटेलातल्या पाहुण्यांना फोटोत गडद जांभळं दिसावं लागतं. ते बाटलीतून येतं. हे कोणाला माहीत? बेकरीत पाईचं सारण भरणाऱ्या मुलींना. त्यांतली एक निमफा. भूकंपात पडलेलं पानिंगचं घर पुन्हा उभं राहिलं ते निमफाच्या तिथल्या पगारावर.

म्हणून तर आदल्या दिवशी लेक आईच्या मागे लागली होती.

"नानाय, रंगाचा एक थेंब टाक ना. बाई यंदा तुला मांडवातून उठवणार आहेत. मी कानाने ऐकलंय."

"उठवू देत. माझे गुडघे अजून धड आहेत."

"आणि मला कामावरून काढलं म्हणजे?"

पानिंगचा हात थांबला. "तू गप्प राहा," ती म्हणाली. "भांडण माझं आहे. तू त्यात नाहीस."

आता निमफा मांडवात समोरच होती, क्लेओफेबाईंच्या टेबलामागे, बेकरीचा ॲप्रन लावून, मान खाली घालून.

पानिंगने पाटी पुसली नाही. शेजारच्या शेवयावाल्याकडून तिने कालामान्सीची दोन लिंबं मागून घेतली आणि कापली. आपल्या पाईचा एक तुकडा बशीत उलगडला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. "बघत राहा," ती म्हणाली.

फिकट जांभळा रंग हळूहळू गुलाबी झाला. गर्दीतल्या म्हाताऱ्या माना डोलवायला लागल्या. आंबट लागलं की खरं कोनफळ गुलाबी पडतं; लिंबू लागलेल्या पातेल्यात चुकून ते घोटून प्रत्येकीने एकदा तरी आईच्या शिव्या खाल्लेल्या.

"अळकुडी लाजते का हो अशी, क्लेओफेबाई?" पानिंगने विचारलं.

लोक हसले. क्लेओफेबाई हसल्या नाहीत. मागून कोणीतरी ओरडलं, "आता त्यांच्या पाईवर पिळा, नांग. त्यांचीही लाज बघू."

उरलेली फोड पानिंगच्या बोटांत होती. क्लेओफेबाईंचं टेबल चार पावलांवर. ती चार पावलं टाकायची तिला फार, फार इच्छा होती. पण टेबलामागे लेक होती. पानिंगने फोड खाली ठेवली.

"माझ्या पाईचं मी दाखवलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पानात मी हात घालत नाही."

क्लेओफेबाईंचा जीव भांड्यात पडला. "बरं, राहू दे तुमची पाटी," त्या मोठेपणाने म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी थोडा रंग घाला. निमफा, सांग गं तुझ्या आईला, लोकांना काय आवडतं ते."

निमफाने मान वर केली. टेबलाला वळसा घालून ती आईपाशी आली आणि तिने ती फोड उचलली. पानिंगने तिचं मनगट धरलं. उभ्या जन्मात कोणापुढे न वाकलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्या पोरीने नमतं घ्यावं.

"नको गं, दाय," ती हळूच म्हणाली. "नोकरी जाईल."

"सोड, नानाय."

पानिंगने सोडलं. निमफा मालकिणीच्या टेबलाशी गेली आणि स्वतःच्या हाताने भरलेल्या पाईवर तिने ते लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. सगळे वाट बघत राहिले. पाई होती तशीच राहिली, गडद, चकचकीत जांभळी.

निमफाने ॲप्रनची गाठ सोडली, त्याची नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि आईच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"सुरी दे," निमफा म्हणाली. "लोक थांबलेत."