त्या मानाने उजळ

"अगं, तू त्या मानाने उजळच आहेस," काकू म्हणाल्या आणि माझ्या गालांवर पावडर थापली. नाकावर, कपाळावर. मानेवरसुद्धा. त्या मानाने म्हणजे माझ्या बहिणीच्या, एसीच्या मानाने. एसी शेजारीच उभी होती.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमधल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा भोंडला होता. मी पंधरा वर्षांची. आई सांगलीची, बाबा घानाचे. एसी माझी आतेबहीण, माझ्याच वर्गातली, माझ्याहून पुष्कळ काळी. मराठीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तरी हौसेनं आली होती, माझ्या आईची साडी नेसून.

पाटावर हत्ती काढलेला. त्याच्याभोवती मुलींनी फेर धरला. एसीनं माझा हात घट्ट पकडला. तेवढ्यात मंडळातल्या त्या काकूंनी तो सोडवला आणि आपला नवा डिजिटल कॅमेरा तिच्या हातात दिला. अगदी हसत हसत.

"हिला फोटो काढू दे. ही फेरात आली तर फोटो सगळा काळा येईल!"

बायका हसल्या. आई खिरापतीचे डबे लावत होती. तिनं ऐकलं. मान वर केली नाही.

"काय म्हणाल्या?" एसीनं जर्मनमध्ये विचारलं.

काय सांगणार, कपाळ? माझ्या तोंडावरची पावडर तिला दिसतच होती.

आणि नवीन काय होतं त्यात? आत्याकडे, म्हणजे एसीच्याच घरी, रविवारी वेण्या घालायला घानाच्या बायका जमत. तिथंही मला पुढं बसवत. "नशीबवान पोरगी, बघा कशी उजळ, केस कसे मऊ!" एसी मागं. आफ्रो-शॉपमधलं गोरं करायचं क्रीम चोळून चोळून तिच्या गालांची सालं निघाली होती. आमच्याकडे तसलीच ट्यूब पुण्याहून यायची. शाळेतल्या जर्मन पोरांना आम्ही दोघी सारख्याच काळ्या. कोण किती काळी हे मोजायचं काम आपल्याच माणसांनी अंगावर घेतलेलं. वीट आला होता मला. इकडून ऐका, तिकडून ऐका.

"हं, काढ गं!" काकू ओरडल्या. एसीनं कॅमेरा वर धरला. त्याखाली तिचे सोललेले गाल दिसत होते. आणि ती हसत होती. आपल्याला का बाजूला काढलंय हे कळूनही हसत होती. ते मला बघवेना.

मी फेर सोडला. ओढणीनं तोंड पुसलं, खसाखसा.

"अगं, फोटो बिघडेल!"

"बिघडू दे. आणि काकू, मी पण काळीच आहे."

गाणं थांबलं. एसीच्या हातातला कॅमेरा घेऊन मी पाटाशेजारी ठेवला. खिरापत ओळखायच्या आधीच आम्ही निघालो. आईनं हाक मारली नाही, ते मला अजून लागतं.

एस-बान लोकलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो. एसी म्हणाली, "तुला तर परत घेतील फेरात."

खरंच होतं ते. पुढच्या वर्षी काकूंचा फोन आला, खास मला. मी गेले नाही.

अजूनही कुणी ना कुणी म्हणतंच, तू त्या मानाने उजळ. मी विचारते, कुणाच्या मानाने? नाव घ्या. घेत नाहीत. मग मीच घेते. एसी. माझी बहीण. जिथं तिला बाहेर काढतात, त्या फेरात मी उभी राहणार नाही.