आत राहिलेला कॅचर

लाईल कुबिचेकच्या हार्डवेअरच्या दुकानात, गल्ल्याच्या खणात, सुट्या स्क्रूंमध्ये एक अंगठी पडलेली असते. कॉलेजने बेसबॉलचं अजिंक्यपद पटकावलं, तेव्हा सगळ्या संघाला मिळालेली. एखादं गिऱ्हाईक विचारतंच, की त्या दिवशी तू काय केलंस? लाईल शेजारच्या खुर्चीत विणत बसलेल्या म्हाताऱ्या आईकडे एकदा बघतो, "मी आत होतो," म्हणतो आणि खिळे तोलू लागतो.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात तो तिसऱ्या नंबरचा कॅचर होता. म्हणजे पहिले दोघे एकदम आजारी पडले तरच याची पाळी, आणि ते दोघे चांगले धडधाकट. चार वर्षं लाईलने कुंपणाच्या कडेला उकिडवं बसून पिचरांनी सरावात फेकलेले चेंडू झेलले. सामन्यात बॅट घेऊन तो एकदाही उभा राहिला नव्हता. फार गुणी होता असंही नाही, पण चिवट होता.

त्या वसंतात संघ जिंकत सुटला, आणि जिंकणाऱ्या माणसांची अक्कल गहाण पडते. कोणी मोजे धुवेना, कोणी दाढी करेना, बसमधली जागा कोणी बदलेना. ड्रायव्हर खिडकीबाहेर नाक काढून गाडी हाकायचा. या सगळ्यांत कर्मठ लाईल. ही विद्या घरचीच होती. टीव्हीवर सामना चालू असताना आई स्वयंपाकघरात गेली आणि रन निघाली, की वडील म्हणायचे, "आर्लीन, आता तिथंच थांब." मग ती बिचारी धुतलेलीच भांडी पुन्हा धूत उभी राहायची.

अंतिम सामन्याच्या आधी कोच स्ट्राउडने लाईलला शब्द दिला, की उद्या तुला एकदा तरी बॅटिंगला पाठवीन. लाईलने घरी फोन केला. आर्लीन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मुलाच्या एकाही सामन्याला तिला येता आलं नव्हतं. या वेळी तिने रजा मागितली नाही, सरळ सांगितली. जर्दाळू भरलेल्या कोलाचेंचा, म्हणजे गोड पावांचा, डबा मांडीवर घेऊन ती समोरच्याच रांगेत येऊन बसली.

शेवटच्या डावात संघ दोन रनांनी मागे. पहिला गडी बाद झाला. लाईल बाकांमागच्या पत्र्याच्या संडासात शिरला. तेवढ्यात लागोपाठ दोन फटके बसले, दोघे धावत बेसच्या थांब्यांवर पोचले. लाईल हसत बाहेर आला, तर पुढचा गडी बाद; आणखी एक गेला की खेळ संपला. सगळा बाक त्याच्याकडे वळला.

"लाईल्या, आत हो," कॅप्टन पिकरिंग म्हणाला. "आणि आलास बाहेर तर बघ."

तो आत गेला. पिचरचा नेम चुकत गेला, तिसऱ्यालाही फुकटात बेस मिळाला, तिन्ही बेस भरले. आता संघातल्या सर्वांत कच्च्या बॅटरची पाळी होती. कोचने पत्र्यावर थाप मारली. "कुबिचेक, त्याच्याऐवजी तू बॅट घे. दिलेला शब्द आहे."

लाईल हेल्मेट घालून दारात आला. पिकरिंगने मान फिरवली. चार वर्षं ज्यासाठी देव पाण्यात घातले होते, ते समोर उभं होतं. आई पाहायला आली होती.

"कोच, दुसऱ्या कोणाला पाठवा," तो म्हणाला. "मी आत जातो."

त्याने कडी लावली. त्याला रडू आलं. मग टोला बसल्याचा आवाज आला, आणि मागोमाग असा गलका झाला की पत्रा थरथरला. बेसवरचे तिघेही धावत होम प्लेटला पोचले होते, सामना जिंकला होता.

मैदानात सगळे एकमेकांच्या अंगावर पडले होते. लाईलने आधी प्रेक्षकांत पाहिलं. आईची जागा रिकामी, नुसता डबा. मी दारातून परत फिरलो ते तिने पाहिलं, आणि ती उठून गेली, असं त्याला वाटलं. शोधता शोधता ती सापडली कॉफीच्या टपरीमागे, भिंतीकडे तोंड करून, हातात भरलेला कप.

"आई, इथं काय करतेस?"

"कॉफी घ्यायला आले, तर आपली पोरं टोले मारायला लागली. मग हलायचं कसं? तिकडं बघितलंसुद्धा नाही मी. आता वळू का?"

"वळ. जिंकलो आपण."

ती वळली. त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट पाहून तिचा चेहरा उतरला. "तुझी पाळी येऊन गेली का रे?"

लाईलने हेल्मेट काढून काखेत धरलं. "नाही आली," तो म्हणाला.

"बरं झालं बाई," आर्लीन म्हणाली. "नाहीतर जन्मभर जिवाला लागलं असतं माझ्या."

त्याने तिच्या हातातला कप घेतला आणि ती गार कॉफी पिऊन टाकली.