शॉटगनचा धक्का

मुलींचे खांदे नाजूक असतात, हे नेमकं कोणी ठरवलं? फटाक्यांच्या दारूचा वास आला की मला पनवेलबाहेरची, डोंगराच्या पायथ्याची ती शूटिंग रेंज आठवते. शॉटगनच्या धक्क्यांनी माझा खांदा काळानिळा झाला होता. प्रशिक्षक सरांनी बजावलं होतं, "आज हवेत उडवलेली एकही चकती फुटली नाही, तर उद्यापासून बिनधक्क्याची एअर रायफल. मुलींना तीच बरी." मी घाबरून बंदूक खांद्यापासून जराशी लांब धरायचे, वाटायचं, तेवढंच कमी लागेल. शेजारी सराव करणारी उरणकडची ताई हसली. "अगो, पावन्यासारकी लांब काय ठेवतेस तिला? घट जवल घे. लांब ठेवलीस तर मारनारच ती." मी बंदुकीचा दस्ता खांद्यात रोवला, गाल टेकवला, पुढच्या पायावर झुकले आणि चाप ओढला. धक्का आला, पण मी जागची हलले नाही, आणि वर केशरी चकतीचा चुरा उडाला. "सर, ती रायफल आता दुसऱ्या कोनाला द्या!" ताई ओरडली. आज मी अजून शॉटगनच चालवते. तुमच्या मुलीला एखादा खेळ जमत नसेल, तर तो बदलण्याआधी तिला नीट उभं राहायला शिकवा.